वरच्या पडातली रानमोडी

वाडीवरून,
२५ ऑगस्ट २००२

दादा,

अक्षर बघूनच तू ओळखलं असशील. फाडू नगंस. आधी वाच, मग फाड.

पत्ता मी पेठ वडगावच्या मामाकडनं घेतला. तू कबनूरला माग चालवतोस, वहिनी कांड्या भरते, एवढं मामानं सांगितलं. बाकी मी विचारलं न्हाय, त्यानं सांगितलं न्हाय.

काम असं हाय. आपल्या वरच्या पडातली, त्या पडीक उतारावरची रानमोडी निघणार हाय. सगळी. मुळासकट.

जयसिंगपूरच्या कॉलेजात वीरेश सर म्हणून हायत, झाडाझुडपांचा विषय शिकवतात. ते आन् त्यांच्या बरोबरची पोरंपोरी, काही पिकल्या केसांची माणसंबी, दर रविवारी जीप करून येत्यात. अभयारण्याच्या कडंला जी रानमोडी माजलीया ती उपटायची, म्हणजे तिच्याखाली गुदमरलेलं गवत वर येईल, गव्यांना चारा हुईल, असं त्यांचं म्हणणं. फॉरेस्टवाल्यांची परवानगी हाय त्यांच्याकडं. मी तोंडावर विचारलं, "तुमाला ह्यात काय मिळतंय?" तर सर हसले. म्हणाले, "काय मिळत नाही ओ ताई. अंग दुखतं सोमवारी, तेवढंच मिळतं."

फुकट घाम गाळणारा माणूस वाडीनं कवा बघितला न्हाय. कोण म्हणतं वर हॉटेल काढणार हायत. कोण म्हणतं खालचा दगड न्यायला आलेत, रानमोडी नुसतं निमित्त. पयल्या रविवारी मीबी त्यांच्यावर नजर ठेवायलाच गेलते. दुसऱ्या रविवारी कुदळ घेऊन गेले.

का गेले ते तुला कळतंय.

नऊ वर्सांमागच्या वैशाखात आबा म्हणाले, ओढ्याकाठची दोन एकरं तानीच्या, म्हणजे माझ्या, नावावर करायची. तू खळ्यावर उभा राहून जे ओरडलास ते अख्ख्या वाडीनं ऐकलं. "म्हातारं मेल्याबिगर घराला सुख न्हाय," हे तुझं बोलणं. आबांनी फेटा बांधला आन् निघाले. घरात वाजलं की आबा रानात, ही त्यांची खोडच. पण त्या दिवशी गेले ते परत आले न्हाईत. शेजारची बयाबाई म्हणाली, तिनं त्यांना धरणाच्या वाटंनं जाताना बघितलं. मग सगळ्यांनी धरणाचा काठ पिंजून काढला, पाण्यात गळ टाकले. वरच्या पडाकडं कोण फिरकलंच न्हाय.

मी निघालते. गवताचं निमित्त करून इळा घेऊन निघालते. तू वाटंत आडवा झालास. "तिकडं गवे हायत," म्हणालास. तुझ्या कपाळावर घाम हुता. दुसऱ्या दिवशी तू काट्याच्या फांद्या टाकून वाट बंद केलीस. त्याच सालात वहिनीला घेऊन गाव सोडलास. काटं कुजलं, पण तवर रानमोडी डोक्याच्या वर गेलती. आत काय हाय ते देवालाच ठावं, न्हाईतर तुला.

आता आम्ही खालनं शिरतोय. वर कड्याच्या कपारीपातूर पोचायला दिवाळी हुईल. तुला काय सांगायचं आसंल तर त्याच्या आधी सांग.

ताना


वाडीवरून,
१५ सप्टेंबर २००२

दादा,

तुझं कार्ड मिळालं. नऊ वर्सांनी लिहिलंस ते एवढंच, "वरच्या पडात जाऊ नगं. तुला तुझ्या संसाराची शपथ हाय."

मी ते कार्ड लई वेळा वाचलं. शपथ घालायचीच हुती तर आबांची घालायची. आईची घालायची. माझ्या संसाराचं मधीच काय काढलंस? धमकी देतोयस का मला? माझा संसार हितं वाडीत हाय, तू तिथं लांब कबनूरला. तुझा हात हितवर पोचत न्हाय.

मी थांबले न्हाय, हे सांगायलाच लिहितेय.

पावसानं माती मऊ हाय, बुडात धरून हिसका दिला की रानमोडी मुळासकट येते. आलेली झुडपं दगडावर उलटी टाकायची, मुळं वर करून, न्हाईतर परत धरत्यात. मला हे सगळं सरांनी शिकवलं. पण मागच्या रविवारी ते माझ्यावर चिडले. सगळी एका ओळीत सरकत हुती आन् मी एकटी पुढं गेलते. ते मागनं आले, माझ्या पट्ट्यात वाकून बघितलं. निम्मी मुळं तशीच हुती.

"ताई, तुम्ही उपटत नाही. तुम्ही काहीतरी शोधताय."

"इळा हरवलाय माझा, जुना," मी म्हटलं.

"जुना म्हणजे किती जुना?"

मी वाकून परत उपटायला लागले. तवापासनं ते माझ्या शेजारचाच पट्टा धरत्यात. त्यांनाबी संशय आलाय. येऊ दे.

हातावर कापलं की ह्याच झाडाचा पाला चोळून रस लावायचा, रगत थांबतं. उग्र वास येतो त्याचा. आंघोळ केली तरी जात न्हाय. हे म्हणतात, "हा वास घेऊन घरात येऊ नगंस." माझं रविवारचं जाणं ह्यांनाबी पटत न्हाय. पण ह्यांचं सोड, ह्यांना कशातच मन न्हाय. भाकरी खायची आन् सोप्यात बसून ऱ्हायचं.

तू मातुर नीट ध्यानात ठेव. शपथ घातलीस म्हणून मी दुप्पट काम करतेय.

ताना


वाडीवरून,
६ ऑक्टोबर २००२

दादा,

हे पत्र मी पेटीत टाकणार न्हाय. लिहून ठेवतेय फक्त. कुणाशी तरी बोलल्याबिगर मला ऱ्हाववत न्हाय, आन् ज्याच्यावर संशय हाय त्याच्याशीच बोलायची माझ्यावर पाळी आलीया.

आज आम्ही चढणीच्या मधोमध पोचलो. वर बघितलं तर कड्याच्या अंगानं रानमोडी निघालेली. आम्ही तिथं अजून गेलोच न्हाई. कुणीतरी वरनं खाली काढत येतंय.

सर खूश झाले. "कोण पावणं मदतीला आलं ओ हे?" म्हणून हाका घालत वर गेले. बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. मी त्या जागेत शिरले आन् वाकून बघितलं. झुडपं उपटून टाकलेली न्हाईत, झाकण घातल्यागत परत पसरून ठेवलीत. त्यांच्याखाली जागोजागी खड्डे हायत. गुडघाभर खणून परत माती लोटलीया. मुळं काढायला एवढं खोल कुणी खणत न्हाय.

सरांनी विचारलं, "डुकरं असतील?"

"व्हय, डुकरं," मी म्हटलं.

काल शनिवारी मी खालच्या कडंनं डोकावलंतं, तवा झुडपातनं एका खड्ड्याची ओली माती दिसलती. गेल्या शनिवारीबी एक खड्डा ताजाच दिसलता, मला वाटलं डुकरंच. म्हणजे खणणारा शुक्रवारी येतो. कबनूरकडं मागांना शुक्रवारी सुट्टी असती, हे वाडीतबी ठावं हाय.

आता मला काय विचारायचं उरलं न्हाय. तिथं काय हाय ते तुला ठावं हाय, कुठं हाय ते विसरलायस. न्हाईतर ठिकाण आठवतंय, पण रानमोडीनं तुलाबी चकवलंय. आम्ही पोचायच्या आत काढून न्यायचा तुझा बेत हाय.

येत्या शुक्रवारी मी वर बसणार. इळा घेऊन.

ताना


वाडीवरून,
१२ ऑक्टोबर २००२

दादा,

मागचं न टाकलेलं पत्र ह्याच पाकिटात घातलंय. वाचल्यावर तुला कळंल, मी काल तिथं कशी आले ते.

तू तिथं हुतास, पण मला काय दिसलं ते तुला ठावं न्हाय. मी करवंदीच्या जाळीमागं बसलते. डोंगराच्या धारंवरनं एक म्हातारा खाली आला. मला वाटलं, दुसराच कोण हाय. मग तू खांद्यावरची पिशवी उतरवलीस आन् कंबरेवर हात ठेवून उभा राहिलास, आबा उभं ऱ्हायचे तसा. नऊ वर्सांत तुझे सगळे केस गेले, दादा. तरीबी मला दया आली न्हाय. तू खोरं काढलंस आन् मी पुढं आले.

"काय पुरलंयस हितं?"

तू दचकला न्हाईस. त्याचाच मला जास्त राग आला.

"ताने, घरला जा."

"आबा कुठं हायत?"

"मला ठावं आसतं तर येवढं खड्डं कशाला काढलं आसतं?"

"मग उकरतोयस काय?"

तू खाली बसलास. मग म्हणालास, "दाजींना इचार."

पुढचं तू बोलत हुतास आन् मी तुझ्या तोंडाकडं बघत हुते, खोटं कुठं सापडतंय का म्हणून. आबा गेले त्या दिवशी दुपारी तू ह्यांना ह्याच पडातनं उतरताना बघितलंस. सदरा फाटलेला, हाताला रगत. तुला बघून हे झाडीत सरकले. आन् संध्याकाळी चावडीवर सगळ्यांच्या देखत हेच म्हणाले, मी दिवसभर राधानगरीच्या बाजारात हुतो.

"दोन एकरं तुझ्या नावावर हुणार हुती. आबांनी मागनं मन बदललं आसंल, दोघांचं वाजलं आसंल, आसं मला वाटलं," तू म्हणालास. "सम्राट तुझ्या पोटात हुता. मी बोललो आसतो तर पोलिसांनी दाजींना नेलं आसतं. तू कुठं गेली आसतीस? माझ्या दारात? मी तुला तोंड दाखवायच्या लायकीचं बोललोच नव्हतो खळ्यावर."

"म्हणून वाट बंद केलीस?"

"म्हणून."

"आन् आता?"

"तू पत्र टाकलंस. म्हटलं, ती पोचायच्या आधी मला सापडाय पायजे."

"सापडलं आसतं तर काय केलं आसतंस?"

तू हाताची माती झाडत बसलास.

मी इळा हातातनं टाकला नव्हता. तुला वाटलं आसंल, ऐकल्यावर तानी रडंल, गळ्यात पडंल. मी तशीच खाली आले. कारण मला वाटत हुतं, नऊ वर्सं एवढी गोष्ट जुळवायला पुरी हायत.

घरात हे सोप्यात बसलेले. मी दारातनंच विचारलं, "आबा गेले त्या दिवशी तुमी वरच्या पडात हुता?"

ह्यांचा चेहरा बघून मला उत्तर मिळालं. तरी मी उभी ऱ्हायले.

"हुतो," म्हणाले.

"बाजारात हुतो म्हणून का सांगितलं?"

ह्यांनी मान वर केली आन् छताकडं बोट दाखवलं. "ही तुळई आन् ती पलीकडची. किंजळाची हायत. अभयारण्यातनं तोडली. फॉरेस्टवाल्यांनी धरलं आसतं तर आत गेलो आसतो. कुऱ्हाड निसटून हात कापला. तुझ्या गुंडूदादानं बघितलं म्हणून लपलो. मागनं आबा हरवल्याचं कळलं. मग आता वर हुतो म्हणून कुठल्या तोंडानं सांगू?"

तुळया खऱ्या हायत, डोक्यावरच हायत. पण लाकडं तोडली म्हणजे दुसरं काय केलंच न्हाय, असं हुत न्हाय. ह्यांनाबी तेच म्हटलं. हे भाकरी न खाता उठून गेले.

आता माझी दशा बघ. तू म्हणतोस दाजींना विचार. हे म्हणतात गुंडूनं वाट का बंद केली ते विचार. एक घरात, एक कबनूरला, आन् दोघांच्या बोलण्याला साक्षीदार न्हाय. काल मी ह्यांच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला आन् लांब सरून बसले.

म्हणून एक ठरवलंय. उद्याचा रविवार न्हाय, पुढच्या रविवारी तू ये. डोंगराच्या धारंवरनं चोरागत न्हाय, खालच्या वाटंनं, सगळ्यांच्या बरोबर. हेबी येणार हायत, मी सांगितलंय. दोघांनी माझ्या डोळ्यापुढं उपटायचं. जो येणार न्हाय त्याचं मी समजून घेईन.

ताना


वाडीवरून,
१ डिसेंबर २००२

दादा,

तार केलती, त्यात जेवढं मावलं तेवढंच लिहिलंतं. आता सगळं सांगते.

दिवाळीच्या आधीचे तिन्ही रविवार तू आलास. ते बोलायचं राहून गेलंतं म्हणून आधी तेच लिहिते. पयल्या रविवारी तू जीपच्या मागनं चालत वर आलास तवा हे रानमोडीत आधीच शिरले हुते. सरांना काय ठावं, त्यांनी तुमा दोघांना एकच पट्टा दिला. दिवसभर तुमी एका झुडपाला दोन बाजूंनी हात घालत हुता आन् एकमेकाकडं बघत नव्हता. मी मागनं दोघांवर पाळत ठेवून हुते. कोण कुठल्या जागेकडं जायला कचरतो, कोण कुठं घाई करतो. रात्री घरी येऊन मनात सगळं परत मांडायची. काय हाताला लागलं न्हाय. तुमी दोघंबी सारखीच घाई करत हुता, आन् सारखंच भीत हुता.

दिवाळी झाली. तुझ्या मागावर माल आला म्हणून तू त्या रविवारी आला न्हाईस. मी मनात म्हटलं, बघा, कपार जवळ आली आन् हा थांबला. खरं लिहितेय. शेवटच्या दिवसापातूर माझ्या मनानं तुला सोडलं नव्हतं.

रानमोडीला कळ्या आल्या हुत्या. फुलून बी उडायच्या आत उरकायचं म्हणून सर घाई करत हुते. कड्याच्या पायाला एक दाट झुबका हुता. ह्यांनी त्याच्या बुडाला हात घातला आन् हिसका दिला. झुडपाबरोबर माती खाली गेली, वर आलीच न्हाय. आवाज खोल गेला. सर ओरडले, "मागं व्हा! सगळे मागं!" ह्यांचा सदरा धरून त्यांनी मागं ओढलं.

जांभ्या दगडात माणूस जाईल एवढी फट हुती. सरांनी पोटावर झोपून बॅटरी मारली. लई वेळ बघितलं. मग उठले आन् बाकीच्या पोरापोरींना म्हणाले, "खाली जीपकडं जा." मला म्हणाले, "ताई, तुमचा इळा नव्हता हरवलेला." मी मान हलवली.

पोलीस आले, पंच आले. आधी रॉकेलचा डबा वर आला, कान तुटलेला. त्याच्या तळाला मेण हुतं, काळं पडलेलं. मग बाकीचं आलं. हाताला चांदीचं कडं हुतं. ते आबांचं हाय म्हणून मी सांगितलं, आन् अंगठा उठवला न्हाय, सही केली.

फौजदारांनी माणूस वर कड्यावर पाठवला. तिथं उंबराच्या मुळीला निळा नायलॉनचा दोर बांधलेला हाय. वरनं रानमोडी लोंबत हुती म्हणून खालनं कवा दिसला न्हाय. दोर कड्याच्या धारंवर घासून तुटलाय. कड्याच्या पोटाला जुन्या आग्या मोहोळाचे डाग हायत. गाठ मी जाऊन बघितली. बैलाच्या दाव्याला आबा मारायचे तीच, दोन पदरी. दुसऱ्या कुणाला ती जमत नव्हती, तुलाबी न्हाय. आबा खळ्यावरनं निघाले ते मध काढायला गेले. दोर तुटला, खाली आले, आन् फटीत गेले. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, मांडीचं हाड मोडलंय, उंचावरनं पडल्यासारखं. दुसरी कसली खूण न्हाय.

कुणी काय केलं नव्हतं, दादा. तूबी न्हाय, ह्यांनीबी न्हाय.

बयाबाई येऊन माझ्या दारात बसली. "फेट्याचा रंग बघितला गं, तोंड न्हाय बघितलं," एवढंच म्हणत राहिली. मी तिला चहा दिला.

हे त्या दिवसापासनं झोपत न्हाईत. पयल्यांदा वाटलं, सुटल्यासारखं झालं आसंल. मग परवा आपणहून बोलले. म्हणाले, "मी किंजळ तोडत हुतो तिथनं ती कपार हाकेवर हाय. आबांनी हाक मारली आसंल. माझी कुऱ्हाड चालली हुती. ताना, मला ऐकू आलं न्हाय का गं?"

मांडी मोडलेला माणूस किती वेळ हाक मारतो, मला ठावं न्हाय. आबा पडले ते हे तिथनं निघाल्यावरबी आसंल. तसं मी म्हटलं. ह्यांनी ऐकून घेतलं, पण पटलं न्हाय. ते ओझं आता ह्यांचं ह्यांनाच वागवायचं हाय. मी जवळ बसते, तेवढंच.

आन् तुझं एक माझ्याकडं राहिलंय. तुला आधी सापडलं आसतं तर तू मला सांगितलं आसतंस का? का तसंच गपचीप दुसरीकडं नेऊन ठेवलं आसतंस, माझा संसार मोडू नये म्हणून? मग मी मरेपातूर तुझ्यावरच संशय घेत बसले आसते आन् तू घेऊ दिला आसतास. मला वाटतंय, उत्तर मला ठावं हाय. त्याचा राग यावा का तुझे पाय धरावे, हे मातुर अजून कळत न्हाय. उत्तर लिहू नगंस.

सर आन् त्यांची माणसं ह्या रविवारीबी आलती. कपारीपाशी कुणी गेलं न्हाय, पण उरलेली कड त्यांनी काढली. वरचं पड आता धारंपातूर मोकळं हाय. एवढा उतार आपला हुता हे मी विसरूनच गेलते. सर म्हणाले, पुढची दोन-तीन वर्सं फुटवा येत ऱ्हाणार, दर पावसाळ्यात यावं लागंल. मी म्हटलं, आम्ही हाय.

पोलिसांनी आबांना शुक्रवारी घेऊन जायला सांगितलंय. अग्नी तूच द्यायचा. वहिनीला घेऊन ये. खळ्यावरचं बोलणं कुणी काढणार न्हाय. काढलं तर आधी माझ्याशी गाठ हाय.

हे म्हणतात, मी फाट्यावर गुंडूला घ्यायला जातो. मी म्हटलं, तो कुठल्या गाडीनं येणार ते कुठं ठावं हाय? तर म्हणाले, पयल्या गाडीपासनं बसतो.

तुझी,
ताना